थेरगावात बसून बटू दीर्घिकेचा स्पेक्ट्रो

भोसरी किंवा चाकणच्या फाउंड्रीत ‘स्पेक्ट्रो’ म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. भट्टीतून थोडा रस काढायचा, तांब्याच्या साच्यात ओतून चिल सँपल करायचं, त्याचं तोंड घासायचं आणि आरगॉनमध्ये ठिणगी पाडायची. मिनिटभरात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे आकडे येतात. एसजी आयर्न असेल तर नजर आधी मॅग्नेशियमकडे जाते. ते साधारण ०.०३५ ते ०.०५ टक्क्यांच्या पट्ट्यातून खाली घसरलं की ग्राफाइटचे गोळे बिघडतात आणि आख्खी हीट अडकते.

हेच मॅग्नेशियम आपल्या आकाशगंगेबाहेरच्या एका बटू दीर्घिकेतल्या ताऱ्यांत किती आहे, ते थेरगावातल्या फ्लॅटमध्ये बसून मोजता येतं. दुर्बीण लागत नाही. वर्णपट आधीच टिपलेले आहेत आणि सगळ्यांसाठी खुले आहेत. प्रोग्रॅम चालवणं आठवड्याभरात जमतं. खरं काम आहे कुठला तारा, कुठली रेषा आणि कुठला आकडा टाकून द्यायचा हे ठरवण्याचं. त्यामुळे पुढच्या कृतीत मोजण्यापेक्षा गाळण्याला जास्त जागा गेली आहे.

साहित्य

१६ जीबी रॅमचा लॅपटॉप, डिस्कवर पन्नासेक जीबी मोकळी जागा, पायथन आणि त्यासोबत अ‍ॅस्ट्रोपाय, नमपाय, मॅटप्लॉटलिब. कृत्रिम वर्णपट तयार करणारा एक प्रोग्रॅमही हवा. मूग, टर्बोस्पेक्ट्रम आणि सिनस्पेक हे तिन्ही मोफत मिळतात. ज्याच्याबद्दल विचारायला कुणी ओळखीचं असेल तो घ्या.

डेटा घ्यायचा तो अ‍ॅपोजी या सर्वेक्षणाचा. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेचा हा भाग. न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटवर आणि चिलीतल्या लास कँपानासवर एकेक अडीच मीटरची दुर्बीण, प्रत्येकीला एकाच वेळी ३०० प्रकाशतंतू जोडलेला वर्णपटमापक. तो १.५१ ते १.७० मायक्रॉनचा अवरक्त पट्टा टिपतो आणि त्याची विभेदनक्षमता सुमारे २२,५०० आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या सतराव्या डेटा रिलीजमध्ये साडेसहा लाखांहून जास्त तारे आहेत. त्यांचा एकत्र तक्ता ‘ऑलस्टार’ नावाच्या फिट्स फाइलमध्ये मिळतो. फाइल काही जीबींची आहे, त्यामुळे डाउनलोड तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होईल अशा पद्धतीने लावा. आणि बुधवारी रात्री लावू नका. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली की राउटरही गेला.

हे काम आपल्याकडच्या यंत्रांवर का नाही, असा प्रश्न येतो. मुंबईच्या टीआयएफआरने हान्लेच्या दोन मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीसाठी टिरस्पेक बनवला, देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरच्या टॅनस्पेकमध्येही त्यांचा हात आहे. दोन्ही अवरक्तात उत्तम काम करतात, पण त्यांची विभेदनक्षमता अनुक्रमे १,२०० आणि २,७५० च्या आसपास. थंड ताऱ्याच्या वर्णपटात रेणूंच्या रेषांची इतकी दाटी असते, की त्या विभेदनाला एकेक मूलद्रव्य सुटं करता येत नाही. चाकणवरून पुढे जुन्नरच्या बाजूला गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिचा मुख्य वर्णपटमापक दृश्य प्रकाशाचा.

अवरक्तच का

दूरच्या दीर्घिकेतला सूर्यासारखा तारा फार मंद दिसतो. हाती लागतात ते लाल राक्षसी तारे. त्यांचं तापमान चार हजार केल्विनच्या आसपास आणि प्रकाशाचा मोठा वाटा अवरक्तात. मधल्या धुळीमुळे दृश्य प्रकाश जितका मंदावतो, त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकंच नुकसान १.६ मायक्रॉनला होतं. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. अशा ताऱ्याच्या वातावरणात प्रकाश मुख्यतः अडवतो तो एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेला हायड्रोजन, आणि त्याची अडवणूक १.६ मायक्रॉनच्या आसपास सर्वात कमी असते. म्हणजे याच खिडकीतून ताऱ्याच्या आत सर्वात खोलवर दिसतं.

या सोयीची किंमतही आहे. आपल्याच वातावरणातला हायड्रॉक्सिल रेणू रात्रभर याच पट्ट्यात चमकत असतो, आणि वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आपापले चट्टे उमटवतात. म्हणून ३०० तंतूंपैकी साधारण ३५ रिकाम्या आकाशाकडे आणि ३५ गरम ताऱ्यांकडे लावलेले असतात. पहिल्यांमधून आकाशाची चमक वजा होते, दुसऱ्यांमधून वातावरणाचं शोषण. तरीही थोडा गाळ उरतोच. तो पुढे भेटेल.

दीर्घिका ठरवा

पहिल्या प्रयत्नाला धनू राशीतली बटू दीर्घिका घ्या. इबाटा, गिलमोर आणि आयर्विन यांनी ती १९९४ मध्ये शोधली. आकाशगंगेच्या मध्याच्या पलीकडे, आपल्यापासून सुमारे ८५ हजार प्रकाशवर्षांवर ती आहे, आणि आपली आकाशगंगा सध्या तिला ओढून फाडते आहे. मोठा मॅगेलनी मेघ आणखी समृद्ध आहे, पण तो थेरगावच्या क्षितिजावर जेमतेम दीड-दोन अंश येतो, म्हणजे दिसतच नाही. धनूतली दीर्घिका मात्र इथून ४१ अंशांपर्यंत वर चढते. उत्तराषाढा नक्षत्रातला झीटा हा तारा सापडला की त्याच्या जवळच तिचं केंद्र. तिथे एम ५४ हा गोलाकार तारकागुच्छ बसला आहे. मोजमापाला याचा उपयोग शून्य, पण आपण कुठल्या दिशेचा आकडा काढतो आहोत हे गच्चीवरून एकदा पाहून ठेवायला काय हरकत आहे? मे महिन्यात पहाटे पाहा. हिंजवडी-वाकडच्या उजेडात गुच्छ दिसणार नाही, झीटा दिसेल.

तारे गाळा

ऑलस्टार उघडा आणि विषुवांश २८३.८ अंश, क्रांती उणे ३०.५ अंश या केंद्राभोवती पाच-सहा अंशांचं वर्तुळ टाका. यात आपल्याच आकाशगंगेचे तारे मोठ्या संख्येने असतील, कारण आपण तिच्या फुगवट्याच्या आरपार पाहतो आहोत. त्यांना बाहेर काढायला तीन चाळण्या लागतात.

पहिली दृष्टिरेषेतल्या वेगाची. ही दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर वेगाने दूर जाते. १०० ते १८० च्या बाहेरचे तारे सोडून द्या. दुसरी निजगतीची. गाया उपग्रहाची मापं याच तक्त्यात जोडलेली आहेत. विषुवांशात वर्षाला उणे २.७ आणि क्रांतीत उणे १.४ मिलीआर्कसेकंद, याच्या अर्ध्या मिलीआर्कसेकंदाच्या आत असलेले ठेवा. तिसरी पराशयाची. इतक्या लांबच्या ताऱ्याचा पराशय जवळजवळ शून्य असायला हवा. मापातल्या त्रुटीच्या मर्यादेबाहेर ठळकपणे धन असेल तर तो तारा वाटेतला आहे.

उरलेल्यांपैकी संकेत-गोंगाट गुणोत्तर ७० च्या वरचे, तापमान ३,७०० ते ४,७०० केल्विनमधले घ्या. त्याहून थंड ताऱ्यांत आकडे वाकडे येऊ लागतात. मग झेंड्यांचे स्तंभ पाहा. प्रत्येक ताऱ्यामागे, आणि प्रत्येक मूलद्रव्यामागेही, अ‍ॅपोजीच्या आपोआप मोजणी करणाऱ्या पाइपलाइनने इशारे लिहून ठेवले आहेत. ‘स्टार बॅड’ हा तेविसाव्या बिटचा झेंडा असेल तर तो तारा गेला. सुंदर आकडा दिसतोय म्हणून झेंडा दुर्लक्षायचा मोह होतो. चिल सँपलमध्ये ब्लोहोल असताना आलेलं रीडिंग कुणी हीट कार्डावर चढवत नाही, इथेही तेच.

एम ५४ च्या केंद्रापासून दहा कलांच्या आतले तारे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. गोलाकार गुच्छांतल्या काही ताऱ्यांत अ‍ॅल्युमिनियम वाढतं आणि मॅग्नेशियम कमी होतं, हा त्या गुच्छांचा स्वतःचा उद्योग आहे. तो दीर्घिकेच्या खात्यावर मांडला तर हिशेब बिघडतो.

एक वर्णपट स्वतः उघडा

तक्त्यात मॅग्नेशियमचा आकडा तयार आहे. तो इतक्यात वापरू नका. एका ताऱ्याची स्वतंत्र फाइल उतरवा, तिचं नाव दुर्बिणीनुसार ‘एपीस्टार’ किंवा ‘एएसस्टार’ असं सुरू होतं. आत ८,५७५ बिंदू आहेत. तरंगलांबीचा स्तंभ नसतो, ती काढावी लागते: बिंदूचा क्रमांक ०.०००००६ ने गुणा, त्यात ४.१७९ मिळवा आणि दहाचा तितका घात घ्या. उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं. मोजणी शून्यापासून.

मॅग्नेशियमच्या तीन ठळक रेषा निर्वात तरंगलांबीत १५७४५, १५७५३ आणि १५७७० अँगस्ट्रॉमला आहेत, म्हणजे ३०२४, ३०६२ आणि ३१३९ या बिंदूंच्या आसपास. आलेख काढून तिथे पाहा. तीन खोल खळगे दिसले पाहिजेत. ताऱ्याचा वेग या फाइलमध्ये आधीच काढून टाकलेला असतो, पुन्हा वजा करू नका. खळगे चार-सव्वाचार अँगस्ट्रॉमने सरकलेले दिसले तर तुमच्या प्रोग्रॅमची रेषायादी हवेतल्या तरंगलांबीची आहे. पहिली रेषा हवेत १५७४०.७ ला येते. हा फरक वेगाच्या भाषेत सेकंदाला ८२ किलोमीटर इतका पडतो, आणि नवशिक्याला तो नवा शोध वाटू शकतो.

सोबत प्रत्येक बिंदूच्या मापातली त्रुटी देणारा स्तंभही आलेखावर मांडा. जिथे तो एकदम उसळतो तिथे आकाशाच्या चमकीचा गाळ आहे. ते बिंदू झाकून टाका. वर्णपटात दोन ठिकाणी सपाट रिकामी जागा दिसेल. वर्णपट तीन वेगवेगळ्या डिटेक्टरांवर पडतो, त्यांच्यामधल्या त्या फटी.

पाया सपाट करा

रेषेची खोली मोजायची तर आधी रेषा नसताना प्रकाश किती असता ते ठरवलं पाहिजे. तिन्ही डिटेक्टरांचे भाग वेगळे घ्या, प्रत्येकातून वरच्या बाजूच्या बिंदूंमधून चौथ्या घाताची बहुपदी जाऊ द्या आणि भागाकार करा. सगळ्यात उंच बिंदू धरू नका, ते बहुधा गोंगाटाचे असतात. थंड ताऱ्यात खरा, रेषांशिवायचा पाया जवळजवळ कुठेच शिल्लक नसतो. सायनोजेन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल यांनी सगळं व्यापलेलं असतं. म्हणून नियम एकच: निरीक्षणाला जी पद्धत लावली, अगदी तीच कृत्रिम वर्णपटालाही लावा. दोन्हीकडे सारखीच चूक झाली की तुलनेत ती बरीचशी कटते.

तापमान आणि गुरुत्व

रेषेची खोली फक्त मूलद्रव्याच्या प्रमाणावर ठरत नाही. त्या तापमानाला किती अणू कुठल्या स्थितीत आहेत यावरही ती ठरते. मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलेलं आयनीभवनाचं समीकरण आजही या प्रोग्रॅमांच्या पोटात असतं. तापमान तक्त्यातून घ्या. गुरुत्व मात्र स्वतः पडताळा, कारण इथे एक फायदा आहे: दीर्घिकेतले सगळे तारे जवळपास एकाच अंतरावर आहेत, त्यामुळे त्यांची खरी तेजस्विता काढता येते. समजा तारा सूर्याच्या हजारपट तेजस्वी आहे, तापमान ४,००० केल्विन आणि वस्तुमान सूर्याइतकं. सूर्याच्या गुरुत्वाचा लॉगॅरिदम ४.४४. त्यातून तापमानाच्या चौथ्या घाताचे ०.६४ आणि तेजस्वितेचे ३ वजा केले की ०.८० उरतात. पाइपलाइनचा आकडा याच्या दोन-तीन दशांशांत असेल तर पुढे चला. एकाने फरक असेल तर तो तारा बहुधा या दीर्घिकेचा नाहीच.

आधी स्वाती, मग धनू

फाउंड्रीत शिफ्टच्या सुरुवातीला प्रमाणित नमुन्यावर बर्न घेतल्याशिवाय कुणी भट्टीचा सँपल लावत नाही. इथला प्रमाणित नमुना म्हणजे स्वाती. मेअखेर रात्री दहाच्या सुमारास थेरगावात बरोबर डोक्यावर येणारा तो नारिंगी तारा. तोही लाल राक्षसी, आणि त्याचा अवरक्त वर्णपट फार बारकाईने टिपलेला आहे. अ‍ॅपोजीच्या यंत्रानेही तो घेतला आहे. रामिरेझ आणि आयेंदे प्रिएतो यांनी २०११ मध्ये त्याचे आकडे दिले: तापमान ४,२८६ केल्विन, गुरुत्व १.६६, लोह उणे ०.५२, लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम अधिक ०.३७. हे आकडे लॉगॅरिदममधले, सूर्याच्या तुलनेतले. उणे ०.५ म्हणजे सूर्याच्या सुमारे एक तृतीयांश.

एक फरक लक्षात असू द्या. स्पेक्ट्रोचा आलेख प्रमाणित नमुन्यांवरूनच बनतो. इथे आलेख भौतिकशास्त्रातून बनतो आणि स्वाती फक्त शून्य तपासायला. तुमच्या पद्धतीने स्वातीचं मॅग्नेशियम ०.३७ च्या ०.०५ आत येत नसेल तर धनूकडे वळूच नका. चूक बहुधा पाया सपाट करण्यात, रेषायादीत किंवा सूर्याच्या संदर्भ-आकड्यांत सापडते. सूर्याचे संदर्भ-आकडे एकापेक्षा जास्त आहेत. अ‍ॅपोजी ग्रेवेस आणि सहकाऱ्यांचे २००७ चे वापरतं. कुठले वापरले ते वहीत लिहा, नाहीतर महिन्याभराने तुमचाच आकडा तुम्हाला कळणार नाही.

आता मोजणी

क्रम महत्त्वाचा. आधी लोह, कारण त्याच्या रेषा सगळीकडे पसरलेल्या आहेत. मग हायड्रॉक्सिलवरून ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइडवरून कार्बन, सायनोजेनवरून नायट्रोजन. ही तिघं एकमेकांत अडकलेली असतात: ऑक्सिजन वाढवला की जास्त कार्बन हा कार्बन मोनॉक्साइडमध्ये बांधला जातो आणि सायनोजेनच्या रेषा फिक्या पडतात. त्यामुळे आकडे स्थिर होईपर्यंत तिन्हींची फेरी परत परत करावी लागते. हे टाळून थेट मॅग्नेशियमला हात घातला तर त्याच्या रेषेच्या पंखांवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या उतारांवर, बसलेल्या रेणूंच्या रेषा तुम्ही मॅग्नेशियम म्हणून मोजाल.

मग त्या ताऱ्याचं तापमान, गुरुत्व आणि लोह कायम ठेवून मॅग्नेशियम उणे ०.४ ते अधिक ०.६ पर्यंत, ०.१ च्या पायऱ्यांनी बदलत कृत्रिम वर्णपट तयार करा. प्रत्येक वर्णपट यंत्राच्या विभेदनाला बोथट करा. १५,७५० अँगस्ट्रॉमला ही रुंदी साधारण ०.७ अँगस्ट्रॉम येते. निरीक्षणाशी फरकांच्या वर्गांची बेरीज काढा, प्रत्येक बिंदूला त्याच्या चुकीप्रमाणे वजन देऊन. या बेरजांमधून एक परवलय जाऊ द्या. त्याचा तळ म्हणजे तुमचं उत्तर. तिन्ही रेषांवर वेगवेगळं करा. तिन्हींची उत्तरं ०.१ च्या आत असावीत. या रेषा बळकट असल्याने त्यांचा गाभा भरून गेलेला असतो, प्रमाण वाढलं तरी तो फारसा खोल होत नाही, म्हणून पंखांकडे जास्त लक्ष द्या. अणूंची स्थिती स्थानिक तापमानाशी पूर्ण जुळत नाही, त्याची दुरुस्तीही मॅग्नेशियमला लागते. सतराव्या रिलीजमध्ये सोडियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमसाठी ती केलेली आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये नसेल तर फरक तिथून येऊ शकतो.

चूक सांगण्यासाठी तापमान १०० केल्विनने हलवा, गुरुत्व ०.२ ने, मायक्रोटर्ब्युलन्स (ताऱ्याच्या वातावरणातली बारीक खळबळ) सेकंदाला ०.२ किलोमीटरने, आणि प्रत्येक वेळी उत्तर किती सरकतं ते लिहा. परवलयाच्या रुंदीतून येणारी चूक नेहमीच फसवी, लहान असते. खरी चूक या हलवाहलवीत दिसते.

आलेख

आडव्या अक्षावर लोह, उभ्यावर लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम. स्वातीही त्यावर मांडा. लोह उणे ०.५ ला स्वाती अधिक ०.३७ वर बसेल, आणि धनूतले तारे शून्याच्या आसपास किंवा किंचित खाली. लोह सारखं, मॅग्नेशियम जवळपास अडीचपट कमी. मॅग्नेशियम बनवतात ते प्रचंड तारे, जे काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत फुटून मोकळे होतात. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या स्फोटांतून येतो आणि त्याला बराच उशीर लागतो. दीर्घिका सावकाश तारे बनवत असेल तर एकूण लोह थोडंसंच साचलेलं असतानाच हे उशिराचं लोह येऊन मिसळतं, आणि मॅग्नेशियमचं गुणोत्तर लवकर उतरू लागतं. आकाशगंगेच्या ज्या भागातून स्वाती आला तिथे तारे झपाट्याने बनत होते, म्हणून तिथलं गुणोत्तर लोह बरंच वाढेपर्यंत चढं राहिलं.

हासेलक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अ‍ॅपोजीच्याच वर्णपटांवरून धनू दीर्घिकेतल्या १५८ राक्षसी ताऱ्यांचं हे मोजमाप प्रसिद्ध केलं. तुमचा आलेख त्यांच्याशी ताडून पाहा, पण आपला काढून झाल्यावर. आधी पाहिला की हात नकळत तिकडे वळतो.

पुढचं मूलद्रव्य अ‍ॅल्युमिनियम घ्या, रेषा ठळक आहेत. त्यानंतर निकेल. मँगनीज शेवटी, कारण त्याची प्रत्येक रेषा अणुकेंद्राच्या फिरकीमुळे अनेक बारीक रेषांत फुटलेली असते आणि ती फूट रेषायादीत नसेल तर प्रमाण फुगून येतं. ज्या ताऱ्यांत लोह सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी आहे, म्हणजे उणे २ च्या खाली, तिथे ही कृती लावू नका. अवरक्तातल्या बहुतेक रेषा तिथे गोंगाटात बुडतात आणि पाइपलाइनच्या तयार कृत्रिम वर्णपटांचं जाळंही उणे २.५ ला संपतं. कालेय तारकासमूहातल्या बटू दीर्घिकेसारख्या गरीब दीर्घिकांसाठी दृश्य प्रकाशातले वर्णपट आणि मोठी दुर्बीण लागते.